भरबाजारात दिलेला शब्द

रविवार, ६ सप्टेंबर १९२५, हुबळी

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि ही कोरी वही हातात दिली. म्हणाले, "पुंडलिकराव, तुम्ही बोलता फार. थोडं लिहीत जा. रोज देवाचा एक तरी उपकार टिपून ठेवा." पहिलं वाक्य लागलं, दुसरं पटलं. तेव्हा करतो सुरुवात.

पहिला उपकार माझे दोन गुडघे. खांद्यावर पिशवी टाकून मी गावोगावच्या बाजारांत शास्त्राची पुस्तकं विकतो, मराठी आणि कन्नड दोन्ही. आठवड्याला वीस-पंचवीस मैल पायाखालून जातात, चाळिशी उलटली तरी गुडघे कुरकुरत नाहीत. दुसरा उपकार अनुसया. स्वतःच्या बायकोविषयी वहीत काय लिहायचं म्हणा, पण आज तिनं एण्णगाई केली होती, लहान वांगी, आत शेंगांचं कूट, वर तेलाचा तवंग. तीन भाकऱ्या कुठं गेल्या कळलं नाही. मग शेवंता, शमुवेल आणि धाकटी चिमी. तिघंही ठणठणीत, तिघंही भांडखोर.

आणि भागीरथीबाई. आमच्याच चाळीत दोन दारं सोडून राहतात. विधवा, मागंपुढं कोणी नाही, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जातात. दोन वर्षं ओट्यावर बसून त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि गेल्या नाताळात बाप्तिस्मा घेतला. वीस वर्षांच्या पायपिटीत माझ्या शब्दावरून प्रभूकडे आलेलं हे एकच माणूस. एक म्हणजे काही कमी नाही.

गुरुवार, १० सप्टेंबर

कापसाच्या पेठेत उंदीर पडले. सकाळी एका वखारीत सात, दुपारपर्यंत शेजारच्या गल्लीत आणखी. ज्यांनी मागची साथ बघितली आहे त्यांना आणखी काही सांगावं लागत नाही. संध्याकाळी दवंडी पिटली. ज्याला जमेल त्यानं गाव सोडून उणकलच्या पलीकडं माळावर झोपडी बांधावी, आणि सगळ्यांनी दंडावर प्लेगची सुई टोचून घ्यावी. लस मुंबईच्या परळहून आली आहे. डॉक्टर गुरुराज रोज चौकात कडुलिंबाखाली टेबल टाकून बसणार आहेत.

मी घरात म्हटलं, घाबरायचं कारण नाही. अनुसया म्हणाली, "घाबरलंय कोण? कधी जायचं टोचायला ते सांगा." मी म्हटलं, बघू.

शनिवार, १२ सप्टेंबर

आज बाजारात एक मोठी गोष्ट झाली.

माझी नेहमीची जागा भीमरावांच्या दुकानाच्या पायरीशी. भीमराव दोरखंड विकतात. माणूस आडदांड, तरुणपणी तालमीतला, आणि चेष्टेखोर. दर शनिवारी माझी एक तरी खोडी काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. आज लोक थोडेच होते, त्यामुळं माझं बोलणं सगळ्यांना नीट ऐकू जात होतं. मी एक्याण्णवावं स्तोत्र सांगत होतो. जो देवाच्या पंखाखाली आसरा घेतो त्याच्या राहुटीजवळ मरी येत नाही. देवाचे दूत त्याला हातांवर झेलतात, पायाला दगडाची ठेचसुद्धा लागू देत नाहीत. असं त्या स्तोत्रात आहे, आणि मी ते चांगलं म्हणतो.

भीमराव आतून म्हणाले, "मग पुंडलिकअण्णा, तुम्हाला सुई कशाला लागते? ती आम्हा पंख नसलेल्यांना."

लोक हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, मी सुई टोचून घेणार नाही. माझ्या घरातलं कोणी घेणार नाही. साथ सरल्यावर याच पायरीवर उभा राहीन, मग मोजा आम्हाला. लोक जवळ सरकले. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी हात जोडले नव्हते.

शपथ मी घेतली नाही, शपथ घेऊ नये असं प्रभूचं सांगणं आहे. नुसता शब्द दिला. हे धैर्य त्यानं दिलं याबद्दल आभार.

रविवार, १३ सप्टेंबर

अनुसयाला काल रात्रीच्या जेवणातच सांगितलं होतं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला, मग पुन्हा थापायला लागली. मला वाटलं होतं वाद घालेल, बाईला तोंड आहे. देवानं तिचं मन मऊ केलं.

पाळकसाहेबांनी मात्र स्वतः टोचून घेतलं आहे, आणि दुपारचे दोन तास डॉक्टरांच्या टेबलाशी नावं लिहायला बसतात. मला खटकलं. कळपाच्या पुढं चालणाऱ्यानंच असं केलं तर कसं.

भागीरथीबाई आज जिनातून थेट आमच्याकडं आल्या. त्यांच्या मुकादमानं सगळ्यांना सोमवारी सुईला पाठवायचं ठरवलंय. त्यांनी विचारलं, अण्णा, मी काय करू? मी माझा शब्द सांगितला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मग मीही नाही. मुकादमानं कामावरून बसवलं तर बसवू दे. मला भरून आलं. केवढा हा विश्वास, आणि बाप्तिस्म्याला वर्षही झालेलं नाही. अनुसया चुलीशी होती. तिनं फुंकणी जरा आपटलीच.

सोमवार, २१ सप्टेंबर

गुरुवारी पहाटे निघून अळणावरच्या बाजारी गेलो होतो. परत येताना खेड्यांत दोन मुक्काम केले, काल रात्री परतलो. तिकडं अजून उंदीर पडलेले नाहीत. लोकांनी पुस्तकं बरी घेतली, एका शेतकऱ्यानं ताक पाजलं.

घरी येऊन बघतो तर तिघा मुलांना ताप. शमुवेल कण्हतोय, शेवंता भिंतीला टेकून बसलेली, चिमीला उचलायला गेलो तर दंडाला हात लागताच किंचाळली. अनुसयाचं अंगही कढत होतं. डाव्या हातानं तिला कळशी उचलवेना. मी विचारलं तर म्हणाली, दळण जास्त झालं, दंड भरून आलाय. मी म्हटलं, अगं मी नसताना एवढं कशाला दळायचं.

माझी तर गाळणच उडाली. खरं तेच लिहितो. पहिला विचार काय आला, तर भीमराव काय म्हणतील. दुसरा आला मुलांचा. या क्रमाची मला लाज वाटते.

मग आज सकाळी तिघांच्या कपाळावर हात ठेवून तासभर प्रार्थना केली. घाम आला, आवाज बसला. आणि दुपारी चारला शमुवेलनं भाकरी मागितली. संध्याकाळपर्यंत तिघांचा ताप उतरला, अनुसयाचाही. देवा, तू मोठा आहेस.

चिमी मांडीवर येऊन म्हणाली, डाक्टरअण्णांनी मला लिंबाची गोळी दिली. अनुसयानं तिला लगेच वेणी घालायला ओढून नेलं. शेजारच्या कोणीतरी दिली असेल, पोर तापात बरळतेय.

रविवार, २७ सप्टेंबर

आज उपासनेत साक्ष दिली. आमच्यात ज्याच्यावर देवानं काही उपकार केला असेल तो उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो. मी सगळं सांगितलं. भरबाजारातला शब्द, त्यानंतर आठ दिवसांच्या आत आलेली परीक्षा, चौघांचा ताप, तासभराची प्रार्थना आणि दुपारी चारची भाकरी. मंडळी सद्गदित झाली. भागीरथीबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. अनुसया पदराच्या काठाला सुटलेला दोरा तोडत बसली होती. तिला कौतुक सहन होत नाही.

पाळकसाहेबांना मात्र खोकला लागला. बराच वेळ खोकले. नंतर बाहेर म्हणाले, पुढच्या रविवारी वचन तुम्हीच सांगा, अरण्यातल्या परीक्षेचा भाग घ्या. नीट वाचून या बरं का. मला केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांत त्यांनी मला व्यासपीठ दिलं नव्हतं.

बुधवार, ३० सप्टेंबर

वाचायला बसलो आणि नको झालं.

हा भाग मला पाठ आहे. प्रभू अरण्यात चाळीस दिवस उपाशी आहे. सैतान येतो. आधी म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. ते साधत नाही तेव्हा त्याला मंदिराच्या टोकावर नेऊन उभा करतो आणि म्हणतो, टाक उडी, शास्त्रात लिहिलंय ना, देवाचे दूत तुला हातांवर झेलतील, पायाला दगडाची ठेच लागू देणार नाहीत.

माझं बोट तिथंच थांबलं. हे एक्याण्णवावं. माझंच स्तोत्र. वीस वर्षं दोन्ही ठिकाणचं पाठ आहे, पण दोन्ही एकत्र ठेवून कधी बघितलं नाही. प्रभूनं उत्तर काय दिलं, तर देवाची परीक्षा बघायची नसते.

म्हणजे त्या दिवशी दोरखंडाच्या दुकानासमोर मी कोणाच्या तोंडचं वाक्य म्हणत होतो?

पुस्तक मिटलं. मग उघडलं, पुन्हा मिटलं. मी उडी टाकलेली नाही, मी फक्त सुई घेतली नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं स्वतःला समजावलं. पटलं नाही. आणि खरं सांगू का, आता टोचून घ्यायला जायची माझी तयारी आहे. पाय अडतो तो एवढ्यावरच, की लिंब आणि टेबल भीमरावांच्या दुकानाच्या अगदी समोर आहे.

गुरुवार, १ ऑक्टोबर

भागीरथीबाईंच्या जिनात दोघी पडल्या. दोघींनीही टोचून घेतलं नव्हतं. मी भागीरथीबाईंना सांगायला गेलो की जरा थांबा, मी पुन्हा विचार करतोय. त्यांना डोकं दुखत होतं, पडून होत्या. म्हटलं, उद्या सांगू.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

सकाळी शेवंता धावत आली. भागीरथीबाई उठत नाहीत, पाणी मागतायत, आणि काखेत गाठ आहे.

मी उठलो. कोणीतरी त्यांना उचलून गाडीपर्यंत न्यायला हवं होतं, दवाखान्यात कोणीतरी जवळ राहायला हवं होतं. चाळीतली दारं एकेक करून लागत होती. मी पंचा खांद्यावर टाकला. मनात म्हणत होतो की हीच ती वेळ, आता देव मला राखतो की नाही ते सगळ्यांना दिसेल. इतकं वाचूनही मनात हेच.

अनुसया दारात आडवी उभी राहिली. दोन्ही चौकटींना हात.

"तुम्ही नाही. मी जाते. मला टोचलंय."

मला कळेना ही काय बोलतेय.

"मुलांनाही टोचलंय. तुम्ही अळणावरला गेला होतात तेव्हा, शनिवारी. या घरात उघडे तुम्ही एकटेच आहात."

तेवढं बोलून तिनं माझ्या खांद्यावरचा पंचा घेतला आणि गेली. म्युनिसिपालिटीचा छकडा आला. तिनं एकटीनं भागीरथीबाईंना उचललं, त्याच डाव्या हातावर डोकं घेऊन. छकडा माळावरच्या प्लेगच्या दवाखान्याकडं गेला. तिनं मागं वळून बघितलं नाही. मुलं माझ्या मागं उभी होती, आणि मी दारात, धडधाकट, दोन्ही गुडघे शाबूत.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. दळण. लिंबाची गोळी. टेबलाशी नावं लिहिणारे पाळकसाहेब, त्यांचा खोकला. सुईनं आलेला ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतोच, शेवंतालासुद्धा हे ठाऊक होतं. ते मी प्रार्थनेच्या नावावर लावलं आणि मंडळीसमोर उभं राहून सांगितलं. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर मी स्वतःच्या हातानं बांधून स्वतःच पाडलं.

आणि हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ती बाई. ती मेली तर ते माझ्या शब्दानं. वहीत उपकार लिहायचा असतो. माझी मुलं सुरक्षित आहेत, माझ्यामुळं नाही, तिच्यामुळं. आज एवढाच.

शनिवार, ३ ऑक्टोबर

चौकात गेलो. वाटेत भीमरावांसाठी दहा उत्तरं तयार केली होती, एकही लागलं नाही. बाजार असा नव्हताच, चारदोन दुकानं उघडी. मी सरळ टेबलाशी जाऊन बाही वर केली. डॉक्टर गुरुराज "या, या, बन्री" म्हणाले, जसा मी लग्नाला आलोय. पाळकसाहेबांनी खाली मान घालून माझं नाव लिहिलं. त्यांनी एक अक्षरही उच्चारलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

मी पायरीवर उभा राहिलो आणि त्या दिवशी जसा मोठ्यानं बोललो होतो तसाच बोललो. म्हटलं, माझं चुकलं. देवावर भरवसा ठेवणं वेगळं आणि त्याला चारचौघांत खेळ करून दाखवायला लावणं वेगळं. मी दुसरं केलं. माझं ऐकून एक बाई माळावर पडली आहे.

भीमराव हसले नाहीत. खाली उतरून आले आणि हळूच विचारलं, "अण्णा, दुखतं का हो?"

तेव्हा कळलं. या पहिलवानाला सुईचं भय. आई रोज मागं लागली होती, आणि हे तिला सांगत होते की पुंडलिकअण्णांचं काय होतं ते बघू, मग ठरवू. माझ्या आडोशाला लपून बसले होते. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, आणि सुई टोचली तेव्हा माझी बोटं अशी आवळली की माझ्या दंडापेक्षा बोटंच जास्त दुखतायत. त्यांच्या मागं आणखी नऊ जण आले. त्यात तो हात जोडणारा म्हाताराही होता. माझ्या एका शब्दापाठी किती जण थांबले होते, देव जाणे.

डॉक्टरांनी बजावलं, आता आठ-दहा दिवस जपा, सुईचा गुण लगेच येत नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

माळावर राहायला आलो. तट्ट्याची झोपडी, वर गवत. अंग तापलंय, हे सुईचं. चर्च साथीमुळं बंद आहे, त्यामुळं माझं वचन राहिलं. बरं झालं, मंडळी वाचली.

पडल्या पडल्या एक गोष्ट सुचली. प्रभूनं मंदिराच्या टोकावरून उडी टाकली नाही, म्हणजे तो जिन्यानं खाली आला असणार. हे कुठं लिहिलेलं नाही, पण दुसरा रस्ता नव्हता. एकेक पायरी, सगळ्यांसारखा. कोणी बघितलं नसेल, कोणी हातही जोडले नसतील.

मी शेवंताला हे सांगितलं. ती म्हणाली, बाबा, भाकरी करपतेय.

बुधवार, ७ ऑक्टोबर

दवाखान्याभोवती दोर बांधलाय, त्याच्या आत जाऊ देत नाहीत. आज अनुसया दोराच्या पलीकडं वीस हातांवर येऊन उभी राहिली. डोळे खोल गेलेत. ओरडून सांगितलं की ताप उतरत नाही, बाई बरळतायत, गाठ पिकलेली नाही. मी ओरडून विचारलं, तुला कसं वाटतंय? ती म्हणाली, मला काय धाड भरलीय. आणि आत गेली.

डॉक्टरांना गाठून विचारलं, टोचलंय म्हणजे तिला काही होणार नाही ना? ते म्हणाले, बहुतेक नाही. शंभरातल्या शंभरांना राखते असं मी म्हणणार नाही. तरी त्या बाई आत आहेत, कारण कोणीतरी असायला हवं.

परत येताना वाटेत एका दगडावर बसलो. आधी मन सवयीप्रमाणं सौदा करायला लागलं. देवा, दोघींना राख, मी पुन्हा कधी बढाई मारणार नाही. मग लक्षात आलं की हे पुन्हा तेच चाललंय, त्याला अट घालणं. सौदा सोडला. शेवटी एवढंच म्हटलं की दोघी तुझ्या हातात आहेत आणि मला भीती वाटतेय. यापुढं शब्द सुचले नाहीत. माझ्यासारख्याला शब्द सुचू नयेत म्हणजे बघा. तरी उठलो तेव्हा पायांत जरा बळ होतं. घरी जाऊन मुलांना आंघोळी घातल्या.

सोमवार, १२ ऑक्टोबर

गाठ फुटली. ताप उतरला. भागीरथीबाईंनी पेज मागून घेतली आणि वर मिरची मागितली. हे अनुसयानं दोरापलीकडून ओरडून सांगितलं, आणि मिरची म्हणताना ती हसत होती. मी तिथंच मातीत गुडघे टेकले. चिमीला वाटलं काहीतरी सांडलं, ती शोधायला लागली.

त्यांच्या खोलीत नऊ बायका होत्या. पाच गेल्या. त्यातल्या दोघी भागीरथीबाईंच्या जिनातल्याच. हेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मी माझी गोष्ट सांगताना ते विसरेन.

रविवार, १८ ऑक्टोबर

आज भागीरथीबाईंना बाहेर उन्हात आणून बसवलं होतं. हाडांचा सापळा. दोराच्या अलीकडं मी उकिडवा बसलो आणि माफी मागितली. म्हटलं, देवाचं नाव पुढं करून मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमचा केवढा विश्वास, आणि मी त्याचं काय केलं.

त्यांचा आवाज बारीक झालाय, पण प्रत्येक शब्द ऐकू आला.

"अण्णा, देवाचं मला अजून फारसं कळत नाही. मी तुमच्या नावावर थांबले होते. आता त्याच्या नावावर जगायचं शिकवा, किंवा अनुसयाअक्काला शिकवू दे."

पाळकसाहेबांनी पूर्वी कधी एवढं नेमकं बोलून मला झापलं नव्हतं, आणि या बाईंना तर झापायचंही नव्हतं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

एक कबुली. आज लाकडं फोडता फोडता माझ्या लक्षात आलं की मी मनात साक्ष जुळवतोय. "बंधुभगिनींनो, मी कसा गर्विष्ठ होतो आणि देवानं मला कसं नम्र केलं." हातवारेसुद्धा ठरले होते. स्वतःचाच कान पिळला. खोड जळेल पण पीळ जाणार नाही. तरीही देव मला टाकत नाही, हे बघून नवल वाटतं.

रविवार, १ नोव्हेंबर

आज दोघी आल्या.

दुपारी छकड्यातून उतरल्या. चिमी आईच्या पायांना अशी मिठी मारून राहिली की अनुसयाला तिला घेऊन लंगडतच आत यावं लागलं. भागीरथीबाईंचे केस कापलेत, लाजत होत्या. जिनात त्यांची जागा राहिली नाही. आम्ही आपसात काही न बोलताच शेवंतानं त्यांचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. त्या आता आमच्याकडंच राहतील.

स्वयंपाक मी केला होता. जोंधळ्याच्या भाकऱ्या, कडा फाटलेल्या. शेंगाची चटणी. नवलूरचे पेरू भीमरावांनी टोपलीभर पाठवले होते, आणि निरोप की आई बरी आहे आणि दंडही बरा आहे.

अनुसया चुलीपाशी बसली आणि मुलं बाहेर असताना मला म्हणाली, मी तुमच्याशी खोटं बोलले. दळणाचं. त्या दिवसापासून मनाला लागून राहिलंय. तुमच्याएवढा विश्वास मला देवानं दिला नाही. मुलांकडं बघितलं की भीती वाटायची, म्हणून नेलं टोचायला. आणि सुई टोचतानासुद्धा मी प्रार्थनाच करत होते, आता मला हसा.

मी हसलो नाही. मी तिला म्हटलं, अगं, माझ्याकडं होती ती नुसती छाती. विश्वास ठेवलास तो तू. तिला ते पटलं नाही, काहीतरीच बोलता म्हणाली आणि भाकरीच्या फाटक्या कडांवरून मला बोलायला लागली. त्यात तिला जास्त बरं वाटत होतं.

पानं मांडली. आमच्या घरात जेवणाआधी प्रार्थना मी करतो, आणि भाकरी गार होईपर्यंत करतो, असं मुलांचं म्हणणं आहे. आज सगळ्यांनी डोळे मिटले आणि माझ्या तोंडातून काही निघेना. मग मी म्हटलं, अनुसया, तू कर.

तिनं आजवर चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. मी डोळे किलकिले करून बघितलं, तर ती डोळे उघडे ठेवून एकेका पानाकडं बघत होती. शेवंता, शमुवेल, चिमी, भागीरथीबाई, मी.

"बापा," ती म्हणाली, "सहा पानं मांडलीत. सहाही जणं बसलोय. आमेन."

माझा आमेन उशिरा आला. तोवर चिमी जेवायला लागली होती.